वावरातला मुडदा

मी एक जुनी दोनशे पानी वही आहे, आणि मित्रांनो, माझ्याइतकी वैतागलेली वही तुम्हाला शोधून सापडायची नाही. आदिलाबादच्या बाजारातून मला जवळच्या बेला गावी आणलं ते घरच्या सुनेच्या, वनमालाच्या, धाकट्या दिरासाठी. इकडच्या तेलुगू मुलुखात नोकरी हवी तर तेलुगू लिहिता आलं पाहिजे, म्हणून त्याने माझ्या पहिल्या चार पानांवर अक्षरं गिरवली आणि कंटाळून मला फडताळात टाकलं. तिथे मी सुखात होते.

ते साल एकोणीसशे एकोणनव्वद. टीव्हीवर खुनांचा तपास करणाऱ्या एका बाईची मालिका लागे. इन्स्पेक्टर शर्वरी. मुडद्याजवळ बसून ती आधी चष्मा पुसायची, मग भल्याभल्यांना घाम फोडायची. तिच्यापायी वनमालाने दोनदा भाजी करपवली. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे मालिका तेरा भागांत आटोपली आणि वनमालाला काही केल्या करमेना. तिने मला बाहेर काढलं आणि शर्वरीची बदली थेट बेल्याला केली.

आता माझे हाल ऐका. खून वनमाला झोकात करायची. विहिरीत, कडब्याच्या गंजीत, एकदा तर बासरच्या घाटावर. पण खुनी ठरवायची वेळ आली की लेखणी अडायची. नागोराव लिहावं तर नागोराव शेजारी, चंपत लिहावं तर चंपत घरचा गडी. शिवाय खुनी सापडला की शर्वरी परत जाणार, तेही हिला नको. मग बाईसाहेब पान उलटून नवा खून करायच्या. माझ्या पोटात अकरा मुडदे झाले, निकाल एकाचाही नाही.

अकरावा मुडदा तिने सासऱ्यांच्याच, म्हणजे यशवंतरावांच्या, वावरात टाकला. पोळ्याचा सुमार होता. निंदणाच्या बाया दुपारी भाकर खायला बांधावर बसल्या की ती मला वाचून दाखवायची. बाया रंगून ऐकायच्या. नेहमीप्रमाणे तिने तेही मध्येच सोडलं.

दिवाळीजवळ कापूस फुटला. पहिल्या वेचणीआधी आमच्याकडे बाया सीतादही करतात. पराटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, पूजा करून दहीभात शिंपडतात, मगच बोंडाला हात लावतात. वेचणाऱ्यांची म्होरकी बयनाबाई, निंदणातही तीच होती. तिने टोपली बांधावर ठेवली आणि सांगितलं, की या वावरात पोळ्यापासून मुडदा पडून आहे, तो उचलल्याशिवाय दहीभात शिंपडायचा नाही. बाकीच्या बायाही बसल्या. यशवंतराव आधी हसले, मग भडकले. आभाळ भरून येत होतं, आणि फुटलेला कापूस भिजला की मातीमोल. घरी येऊन त्यांनी मला उचललं.

"सांजेपर्यंत ह्या मुडद्याचा निकाल लाव, वनमाला. नाई तं हे वही बंबात घालतो."

खून हिने करायचे आणि जळायचं मी!

वनमाला मला घेऊन धावतच बांधावर गेली. ही नुसती गोष्ट आहे, असं तिने बयनाबाईला परोपरीने सांगितलं.

"गोष्ट हाये हे मले समजते, बाई," बयनाबाई म्हणाली. "पन गोष्टीतल्या मानसाले बहीन असन का नाई? माहा भाऊ दौलत कामाले गेला, त्याले सात वर्सं झाली. कोनी सांगाले आलं नाई. तुमी तं ह्याले नावबी देल्लं नाई."

वनमालाने मला मांडीवर उघडलं. खरं सांगते, मला लाज वाटली. अकरा माणसं अंगावर वागवली, पण माझी सगळी कुरकुर खुनी कोण याचीच.

तिथेच बसून तिने लिहिलं. खुनी वाऱ्यावर सोडला. शर्वरीने खिशातल्या चिठ्ठीवरून मेलेल्याचं नाव शोधलं, नागनाथ. मग ती स्वतः त्याच्या गावी, उटनूरला, गेली आणि त्याच्या बहिणीला घेऊन आली. बहिणीने त्याच्या तोंडात पाणी घातलं, मग चौघांनी त्याला उचललं. बयनाबाईने शेवटपर्यंत ऐकलं, पदराने डोळे पुसले आणि दहीभात कालवायला घेतला. कापूस पावसाआधी घरात आला.

पुढे घरात रंगीत टीव्ही आला आणि मी पेटीच्या तळाशी गेले. उरलेल्या दहांचं तसंच राहिलं. म्हणून मित्रांनो, माझी विनवणी आहे, वही अर्धी टाकू नका. तुम्ही पान उलटून मोकळे होता. आत कुणीतरी उताणा पडून राहतो, आणि त्याची बहीण बांधावर बसून असते.