रेडिओची ओल

रुखमाबाईचं नाव निघालं की पळसटोल्यातली माणसं आधी हसतात आणि मग एकदम गप्प होतात. का हसतात आणि का गप्प होतात, हे सांगायचं तर सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यातली ती संध्याकाळ पहिल्यापासून सांगावी लागेल. अर्धी गोष्ट आणि बिनफोडणीचं वरण, दोन्ही कोणाच्या घशाखाली उतरत नाही.

पळसटोला म्हणजे कुरखेड्याच्याही पलीकडे, रानात. विजेचा दिवा गावात कोणी पाहिलेला नव्हता, पण चावडीत सरकारी रेडिओ होता, बॅटरीवरचा. नागपूरचा आवाज एवढं जंगल तुडवत यायचा, पोचेपर्यंत दमून जायचा. त्याला धरायला चावडीवर दोन बांबू उभारून तांब्याची तार ताणली होती आणि मागच्या अंगाला खड्डा करून तांब्याचा पत्रा पुरला होता, भोवती कोळसा आणि खडेमीठ ठासून. पत्र्याची तार थेट रेडिओच्या पाठीत जायची. हे सगळं केलं होतं आरमोरीच्या गफ्फार मेकॅनिकनं.

आता गफ्फार म्हणजे काय माणूस! त्या मुलखातले सरकारी रेडिओ त्याच्या एकट्याच्या जिवावर बोलायचे. सायकलच्या पिशवीत रेडिओचे काचेचे व्हॉल्व्ह, कापसात निजवलेले. नाला आला की सायकल खांद्यावर. वाघाची भीती वाटत नाही का, असं कोणी विचारलं तर म्हणायचा, "वाघच मले भेते ना भाऊ. त्याले वाटते, हा मलेबी खोलून पाहीन."

त्यानं पहिल्याच दिवशी गावातल्या बायांना सांगून ठेवलं होतं, "रेडिओचे कान आभाळात अन् पाय जमिनीत. पाय सुकले का झाला बहिरा. विहिरीवरून येता येता गडवाभर पाणी टाकत जा."

झालं! सांगायचा अवकाश, गावाचा तो रिवाजच होऊन बसला. नवी नवरी गावात आली की पहिला गडवा मारुतीला, दुसरा रेडिओच्या खड्ड्याला. आणि या रिवाजावर पहारा रुखमाबाईचा. विहिरीचा तळ दिसायला लागला तरी ती खड्ड्यापाशी कमरेवर हात ठेवून उभी. "टाक वं, टाक! घरी ताक पातळ करतेस, तवा नाई पाणी कमी पडत!" तिच्या तोंडाला कोण लागणार? बाया निमूट टाकायच्या. म्हणून तर आजूबाजूच्या गावांतले रेडिओ वैशाखात घोगरे व्हायचे आणि पळसटोल्याचा खणखणीत बोलायचा. गफ्फार दुसऱ्या गावांना सांगायचा, "रेडिओ कसा ठेवावा ते रुखमाबाईले जाऊन विचारा." ते ऐकून बाई दोन दिवस जमिनीवर पाय ठेवत नसे.

रुखमाबाईला एकच लेक, वच्छला, आरमोरीला दिलेली. माय-लेकींचा गळा असा, की पहाटे जात्यावर बसल्या की शेजारची भांडणं थांबायची. एक ओळ लेकीची, पुढची उचलायची मायनं, दोघींचा श्वास एक. त्या वर्षी नागपूरच्या रेडिओवाल्यांनी जात्यावरच्या गाण्यांसाठी दोघींनाही बोलावलं. वच्छला तयार झाली. रुखमाबाई म्हणाली, "मी नाई येत. मी गेली तं खड्ड्याले पाणी कोण टाकन? ह्या बाया? अन् खड्डा सुकला तं तुह्यं गाणं गावाले ऐकू कसं येईन?"

खरं सांगायचं तर नागपूरच्या नावानंच ती घाबरली होती. पण कारण खोटंही नव्हतं. आणि तेव्हा असली गाणी साठवून ठेवून पुन्हा वाजवायची फारशी रीत नव्हती. तिकडे वच्छला तोंड उघडणार, इकडे त्याच क्षणी ऐकायचं. हुकलं ते हुकलं.

तो दिवस उजाडला. गाणं संध्याकाळी सातला. रुखमाबाईच्या अंगात आनंद मावेना. माणसाला आनंद झाला की ते काहीतरी करून बसतं. तिनं सकाळीच चावडी सारवली, दारात रांगोळी घातली, आणि मग तिची नजर गेली मागच्या खड्ड्याकडे. काळाकुट्ट कोळसा, चिखल, वर शेवाळ! आपली पोर इथून बोलणार, आणि ही अवकळा?

दुपारी तीनला गफ्फार आला, खास हे गाणं ऐकायला. चावडीचा कारभार बघणारे गुणवंतराव गुरुजी कपाळावर हात मारून बसले होते. रेडिओ नुसता खरखर करत होता. गफ्फारनं व्हॉल्व्ह बदलले, बॅटरीची टोकं घासली, छपरावर चढून तार चाचपली. सगळं जागच्या जागी. ऊन उतरलं, चावडीत गाव गोळा झालं. रुखमाबाई पहिल्या रांगेत, नवं लुगडं नेसून, जीव मुठीत धरून.

शेवटी गफ्फार मागं गेला आणि तिथूनच ओरडला, "खड्ड्याले कोणी हात लावला गा?"

"मी लावला!" रुखमाबाई हौसेनं धावली. "पाहा भाऊ, कसा लखलखीत केला!"

केला होता खरा! कोळसा, मीठ, चिखल, सगळं उपसून लांब नाल्यात टाकलं होतं. पत्रा चिंच लावून देवघरातल्या तांब्यासारखा घासला होता, नव्या खणात गुंडाळला होता आणि चाळलेल्या कोरड्या पांढऱ्या वाळूत बसवला होता. वर हळदकुंकू, समोर नारळ. आणि पूजा मोडू नये म्हणून त्या दिवशी पाण्याचा थेंब कोणाला टाकू दिला नव्हता.

गफ्फारनं नारळाकडे पाहिलं, बाईकडे पाहिलं. ओठावर आलेलं हसू त्यानं गिळलं. "बाई," तो हळूच म्हणाला, "जमिनीले चिखलच लागते. हिले कोरडी वाळू देल्ली, वरून खण नेसवला. आता आवाज उतरन कुठी?"

रुखमाबाईच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "म्हंजे मीच?" ती मटकन खाली बसली. "अगा बाप्पा! मीच माह्या पोरीचा गळा दाबला का गा!" आणि गावावर दरारा ठेवणारी ती बाई लेकरासारखी रडायला लागली.

"रडून ओल होत असती तं रडू देल्लं असतं," गफ्फार बाह्या सरसावत म्हणाला. "उठा! कोळसा आणा, पाणी आणा, मीठ आणा. येळ हाये अजून."

कोळसा चुलीचुलीतून आला. विहिरीपासून खड्ड्यापर्यंत बायांची रांग लागली. मीठ मात्र येईना. रुखमाबाईनं आपलं मडकं पालथं केलं, त्यात ते किती असणार? ती शेजारच्या शकुबाईकडे वळली. शकुबाई गावातली जुनी, रीतिभातीला कडक, आणि रुखमाबाईशी तिचं विहिरीवर हजारदा वाजलेलं.

"दिवा लागला," शकुबाई म्हणाली. "दिवेलागणीले मीठ घराबाहेर देत नाईत. लक्ष्मी जाते. तुले काय सांगाव लागते?"

बाकीच्या बाया खाली बघायला लागल्या. रीत सगळ्यांचीच होती, रुखमाबाईचीसुद्धा. दुसऱ्या कोणी त्या वेळी मीठ मागितलं असतं तर तिनंच त्याला उभं-आडवं घेतलं असतं. ती रिकाम्या मडक्याकडे बघत राहिली.

शकुबाई तरातरा घरी गेली. लोकांना वाटलं, गेली रागानं. ती परत आली ती ओंजळ भरून. कोणाकडे न बघता तिनं ते मीठ खड्ड्यात टाकलं. "मी कोणाले देऊन नाई राह्यली," ती ठसक्यात म्हणाली. "माह्या हातानं माह्या गावच्या जमिनीत टाकून राह्यली. याले देणं नाई म्हणत. अन् तुमी काय पाहता वं? हात नाईत का तुमाले?"

मग काय विचारता! घराघरांतून मुठी आल्या. गफ्फारनं थर लावले, पायानं दाबले, वरून घागरीमागून घागरी ओतायला लावल्या. हात पुसायलाही न थांबता तो आत धावला आणि त्यानं बटण फिरवलं. खरखर हळूहळू विरली, आणि निवेदकबाईचा आवाज आला, अगदी चावडीत उभं राहून बोलल्यासारखा. वच्छलाचं नाव घेतलं गेलं. गाव श्वास धरून बसलं.

"जात्याच्या खुंट्याले, दोघींचे चार हात..."

वच्छलाचाच गळा! रुखमाबाईनं पदर तोंडात कोंबला.

आणि आवाज थांबला.

काहीच नाही. गुणवंतराव ताडकन उठले, "मेला! पुन्हा मेला!" म्हणत रेडिओवर थाप मारायला निघाले. गफ्फारचं तोंड उतरलं, तो मागच्या खड्ड्याकडे पळायच्या बेतात होता. एकट्या रुखमाबाईला कळलं होतं. रेडिओ ठीक होता. तिथं मायची ओळ होती. लेक तिची वाट बघत थांबली होती.

तिनं डोळे मिटले, हात जात्याचा खुंटा धरल्यासारखा पुढे केला आणि उचललं,

"लेक सासरी गेली, जातं जड दोन हातांत..."

शेवटचं अक्षर संपतं न संपतं तोच रेडिओतून वच्छलाची पुढची ओळ आली, बरोबर जागेवर. पुन्हा थांबली, पुन्हा मायनं उचललं. गाणं संपेपर्यंत माय-लेकी अशाच दळत राहिल्या, एक नागपुरात, एक पळसटोल्यात. चावडीत कोणी हललं नाही. गफ्फार उंबऱ्यावर बसून चिखलाच्या हातांनी डोळे पुसत होता, आणि त्याचं तोंड काळंठिक्कर झालं तरी कोणी हसलं नाही.

पुढच्या आठवड्यात वच्छला माहेरी आली. बैलगाडीतून उतरली ती घरात न जाता आधी चावडीमागं गेली. रुखमाबाई खड्ड्यात पाणी ओतत होती.

"रेडिओवाल्या साहेबानं लय समजावलं मले," वच्छला म्हणाली. "मधीच थांबू नको म्हणे, लोकाइले वाटन रेडिओ बिघडला. मी म्हटलं, तिथी माही माय म्हणते." मग तिनं अडखळत विचारलं, "माय, म्हटलं होतं ना तू?"

"म्हटलं ना वं," रुखमाबाई म्हणाली, आणि उरलेला अर्धा गडवा खड्ड्यात ओतायला लेकीच्या हातात दिला.