काजूवरचं निळं छप्पर

मान वर करा मित्रांनो, अजून वर! हां, दिसलं? पिरनवाडीतल्या काजूच्या शेडवर, ढगांखाली पाठ पसरून पडलेलं ते निळं छप्पर म्हणजे मी.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी नुसता पत्रा होतो. इथं आलो, उंच चढलो आणि एकदम छप्पर झालो! त्या दिवशी मला बसवणाऱ्या कंपनीचे नागेंद्र शेडच्या मालकीणबाईंना, म्हणजे मनुबाईंना म्हणाले, “दहा वर्षांची हमी आहे. पत्रा गंजला, सांधा गळला, तर आम्ही येऊन दुरुस्त करणार. पण पन्हाळी तुम्ही साफ ठेवायच्या, आणि गळलंच तर आधी आम्हाला बोलवायचं. दुसऱ्या कुणी हात लावला, तर तेवढ्या भागाची हमी संपली.”

मनुबाई हसल्या. “म्हंजे पोरगी दिल्यागत हाय की! नांदवायची आम्ही, आणि काय झालं तर माहेरचं माणूस धावून येणार.”

छपराला माहेर! मला इतकं आवडलं म्हणून सांगू!

मग सुरू झाले माझे दिवस. खाली बायका काजू फोडायच्या, एकमेकींची खेचायच्या. भाजक्या टरफलांचा वास वर यायचा आणि माझे डोळे मिटायचे. डोळे? असतात हो आम्हालाही! स्वप्नात मी कधी मोठं निळं तळं व्हायचो आणि घारी माझ्यात स्वतःला बघत फिरायच्या. कधी नुसताच हलका होऊन जांबोटीच्या रानावर तरंगत जायचो. पाऊस म्हणजे कुणीतरी पाठ थोपटल्यासारखं वाटायचं. सगळं पाणी उतारावरून निघून जायचं आणि खाली काजू कोरडेच्या कोरडे! “छप्पर बघा माझं!” मनुबाई आल्यागेल्याला सांगायच्या. पुढं सगळ्यांना माझी सवय झाली आणि कुणी वर बघेनासं झालं.

पाचव्या पावसाळ्यात, जिथं माझे दोन्ही उतार भेटतात त्या आढ्याचा सांधा सुटला. थेंब पडला तो थेट काजूच्या पोत्यावर. सणासाठीचा माल तो! भिजला तर काळा पडणार, आणि बायकांची हंगामभराची मेहनत मातीत.

ऋतिकानं, मनुबाईंच्या लेकीनं, लगेच फोन लावला. नागेंद्र म्हणाले, उद्या सकाळी येतो.

पण त्याच दिवशी मनुबाईंचे थोरले भाऊ मष्णूअण्णा जांबोटीहून आलेले. जांबोटीचा पाऊस तो! तिथं पावसाआधी घरोघरी पत्र्याच्या खिळ्यांवर डांबर फासतात. आणि बहिणीचं छप्पर गळत असताना भाऊ खाली बसून राहिला, तर सगळं गाव हसतं. जराशी उघडीप मिळताच अण्णा डांबराचा डबा घेऊन शिडी चढले. कोपऱ्यापासून सुरुवात केली. गरम डांबर, मायेचा हात. मला तर गुदगुल्याच झाल्या.

“मामा, थांब! हात लावू नको, वॉरंटी जाईल!” ऋतिका ओरडली.

“वॉरंटी म्हंजे काय छत्री हाय व्हय गं? काजू भिजाय लागल्यात!”

मनुबाई आधी पोत्यांकडं बघत राहिल्या, मग भावाकडं. शेवटी म्हणाल्या, “अण्णा, उतर खाली.”

“आणि गळू दे म्हणतीस?”

“आजचा दिस पोती हलवू, घमेली लावू. तुझं डांबर एवढा पाऊस काढंल. पुढची पाच वर्सं कोण काढणार?”

अण्णा उतरले आणि त्यांनी डांबराचा डबा दाणकन खाली ठेवला. बायकांनी पदर खोचून पोती हलवली. मी श्वास रोखून आढं सांभाळत राहिलो.

सकाळी नागेंद्र आले. सांधा बसवतानाच चुकला होता. त्यांनी ते कबूल केलं आणि आढ्यावर नवा पत्रा घातला, एक पैसा न घेता! मग त्यांना डांबर दिसलं. “एवढ्या कोपऱ्याची हमी मात्र आता आम्हाला देता येणार नाही.”

अण्णांनी मान खाली घातली.

“नका देऊ,” मनुबाई म्हणाल्या. “त्या कोपऱ्याची हमी माझा भाऊ देतोय.”

“व्हय, देतो की!” अण्णा एकदम ताठ झाले. तेव्हापासून दरवर्षी मिरगाच्या आधी ते येतात, आपला कोपरा तपासतात, आणि आलोच आहे म्हणून पन्हाळीतला पाचोळाही काढतात.

मित्रांनो, तुमच्या शाळेवर, दुकानावर, दवाखान्यावरही माझे भाऊबंद आहेत. त्यांच्यासाठी कुणी काय शब्द दिलाय, ते गळायच्या आधीच विचारून ठेवा. आणि आपल्या वाट्याचं काम चुकवू नका, कारण हमी देणारा एकटा ती पाळू शकत नाही.

अण्णांचा काळा कोपरा उन्हात बाकीच्या पाठीआधी तापतो. माझी दुपारची झोप तिथूनच सुरू होते.