भरलेलं पाणी

कांपोतच्या मिठागरांत सारेतइतका हुशार माणूस नाही, असं सगळे म्हणायचे. सगळे म्हणजे मुख्यतः सारेतच. मी त्याची बायको, त्यामुळे मला हे रोज जेवताना ऐकावं लागे. पण खोटं कशाला बोलू, मिठाच्या बाबतीत त्याचा शब्द कधी खाली पडला नाही.

आमच्याकडे मीठ पाण्यात धुतात. बाहेरचे लोक हसतात, मीठ धुतलं तर उरणार काय म्हणून. पण ते पाणी साधं नसतं. उन्हात आटून आटून त्यात मीठ इतकं मुरलेलं असतं की आणखी एक खडाही त्यात विरघळत नाही. त्याला आम्ही भरलेलं पाणी म्हणतो. चिखलानं माखलेली मिठाची पाटी त्यात बुडवून हलवायची. चिखल निघून जातो आणि मीठ होतं तेवढं वर येतं. नव्या मजुरांना सारेत सांगायचा, "पोट भरलेल्याला घास चारून बघा. तोंड फिरवतो की नाही? हे पाणीही तसंच."

उपोसथाच्या, म्हणजे विहारात जायच्या दिवशी मीठ धुणं बंद असतं. त्या दिवशी सकाळी सारेतनं मोठ्या रस्त्यावरून हातगाडीवर एक पोतं आणलं. ते केंगसाठी ट्रकवाल्यानं उतरवलेलं होतं, दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानात पोचवायचं होतं. केंग म्हणजे बाजारातला सॉसेजवाला, तोंडाचा फटकळ पण मनाचा बरा. पोत्यात मांस लाल ठेवायचे पांढरे खडे होते, दिसायला थेट मिठासारखे. सारेतनं ते पोतं मीठ धुण्याच्या छोट्या हौदाच्या काठावर टेकवलं आणि आम्ही विहारात गेलो. दुपारी परत येऊन बघतो तर पोतं हौदात अर्धंअधिक बुडालेलं.

"अगं आई गं! केंग आता तुझंच सॉसेज करणार," मी ओरडले.

"बोंबलू नकोस. भरलेलं पाणी आहे हे, काही घेत नाही." त्यानं पोतं ओढून काढलं, निथळत ठेवलं आणि हौदात खांद्यापर्यंत हात घालून तळ चाचपला. "ये, बघ. तळाशी एक कण नाही. म्हणजे काही सांडलंच नाही."

मला पटलं. का पटू नये? त्या पाण्यात जे पडतं ते तळाशी बसतं, हे मी जन्मभर बघत आले होते. पाणी स्वच्छ होतं, तळ रिकामा होता.

आमची लेक मलिस तेव्हा गरोदर होती, तिसरा महिना. अन्न पोटात ठरत नव्हतं आणि डोहाळे मात्र एकच, बाबांच्या हौदातल्या पाण्यात मुरवलेली कैरी. सारेतनं संध्याकाळी कैऱ्या कापल्या, किटलीत भरल्या आणि वरून त्याच हौदातलं पाणी ओतलं. सकाळी उजाडताच किटली लेकीकडे पोचवली आणि येताना पोतं केंगच्या दुकानात टाकून आला. दिवसभर शीळ घालत होता.

दुपार कलली आणि केंग मोटरसायकलवरून आला तो फणफणतच.

"सारेतदादा, अर्धं पोतं कुठं गेलं?"

"कुठं जाणार? जसं आणलं तसं दिलं."

"अरे, ओलं लिबलिबीत पोतं दिलंस मला! वजन अर्ध्यावर आलंय. हे बघ उरलेले खडे." त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली. "चोर नाहीस तू, हे मला माहीत आहे. पण झालं काय ते सांग."

सारेतनं सांगितलं. हौदात पडलं होतं, पण काही गेलेलं नाही, भरलेलं पाणी आहे. केंगचा चेहरा उतरला. त्याला पटलं नाही असं सारेतला वाटलं. चोर म्हटलेलं त्यानं सोसलं असतं, पण पाण्याबद्दल शंका त्याला सोसेना.

"पटत नाही ना? हे घे!" त्यानं हौदातून ओंजळ भरली आणि घटाघटा पिऊन दाखवलं. "नुसतं मीठ आहे."

"थुंक! अरे थुंक आधी!" केंगनं त्याच्या हातावर फटका मारला, पण तोवर घोट पोटात गेला होता.

माझं डोकं चालेना. केंगनं वाडग्यात हौदातलं पाणी घेतलं. एका बाजूला आमच्या मिठाचा खडा टाकला आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या पुडीतला. मीठ जसंच्या तसं बसून राहिलं. दुसरा खडा आमच्या डोळ्यांदेखत बारीक झाला, दाण्याएवढा झाला आणि दिसेनासा झाला. पाणी पहिल्याइतकंच स्वच्छ.

 भातानं पोट भरलेला माणूसही वर गोड खातोच की! मिठानं भरलेलं पाणी फक्त मिठाला नको म्हणत होतं. बाकी अर्धं पोतं त्यानं गिळलं होतं आणि आम्ही तळ चाचपत बसलो होतो.

"जास्त पोटात गेलं तर काय होतं रे?" मी विचारलं.

"माणूस निळा पडतो, वहिनी," केंग हळूच म्हणाला. "मग श्वास पुरत नाही."

सारेत वाडग्याकडेच बघत होता. मग त्याच्या तोंडून एकच शब्द आला. "मलिस."

"आधी दवाखान्यात चल," केंग म्हणाला. "डाव्या हाताला दवाखाना, मुलीचं गाव उजव्या हाताला. तू प्यायलायस, दादा!"

"घोटभरानं मी मरत नाही. तिच्याकडे किटलीभर आहे."

तेव्हा तिच्या गावात कुणाकडे फोन नव्हता. तिघंही एकाच मोटरसायकलवर बसलो. केंग पुढे, मध्ये सारेत, मागे मी. अर्ध्या तासाची वाट. वाटभर मी त्याच्या पाठीवर बुक्के मारत होते. "मोठा शहाणा! तळाशी नाही म्हणे, म्हणजे सांडलंच नाही म्हणे! माझ्या पोरीला काही झालं तर तुलाच हौदात बुडवीन." तो काहीच बोलला नाही. एरवी एकाला चार उत्तरं देणारा माणूस. मला वाटलं, लाज वाटतेय.

मलिस खांबांवर उभ्या घराच्या खाली, शिडीजवळ झोळीत पडली होती. मी तिचे ओठ बघितले, नखं बघितली, पापण्या ओढून बघितल्या. सगळं ठीक होतं.

"आई, काय चाललंय? कैरी तोंडात घातली आणि लगेच ओकले. मग नाही शिवले. बाबा, रागावू नका हं."

मी तिला पोटाशी धरलं. पोटातल्या पोरानं आईला वाचवलं होतं. केंगनं किटली उचलून लांब नेऊन पालथी केली. मी रडत होते आणि हसतही होते.

"एकच तुकडा ना?" सारेतनं विचारलं. तो शिडीच्या पायरीवर बसला होता, आणि त्याचा आवाज फार लांबून आल्यासारखा वाटला.

"तोही बाहेर पडला, बाबा. का?"

"मग झालं."

मी वळून त्याच्याकडे बघितलं. वाटभर मी त्याच्या पाठीमागे होते, तोंड दिसलंच नव्हतं. ओठ जांभळं खाल्ल्यासारखे झाले होते. कान, नखं, सगळं तसंच. केंग ओरडला आणि मोटरसायकलकडे धावला. मलिसनं आणि मी सारेतला उचललं, तेव्हा त्याची मान माझ्या खांद्यावर पडली.

"आई," मलिस विचारत राहिली, "बाबा बोलत का नाहीत?"