रेटिनातला रोल

हमीदभाई गेल्यानंतर काही महिन्यांनी त्यांच्या पत्नी मेहरुनभाभींनी मच्छिंद्र हरपळेला फोन करून भवानी पेठेतल्या घरी बोलावलं. तेव्हा त्याला आधी आठवला तो हमीदभाईंचा रेटिना कॅमेरा. हमीदभाई नंतर आठवले. रिक्षात बसल्यावर हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याला जरा लाजही वाटली. पण हडपसरहून पेठेत पोचेपर्यंत तो त्या कॅमेऱ्याचाच विचार करत राहिला.

दोघांची ओळख जुन्या बाजारातली. मच्छिंद्र एका कारखान्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेला, हमीदभाईंची लाकडाची वखार. रविवारी सकाळी जुन्या बाजारात गंजलेले पाने, बंद पडलेले पंखे आणि तुटके रेडिओ मांडलेले असत, आणि त्या पसाऱ्यात एखादा जुना कॅमेरा दिसला की दोघांचे हात एकदमच पुढे यायचे. पहिल्यांदा असंच झालं, त्यावरून थोडी बाचाबाची झाली आणि मग दोघं चहाला गेले. तेव्हापासून ते एकत्रच बाजार हिंडायचे. बॅटरी लागणारा कॅमेरा दोघांनाही नको असे. सगळं काम स्प्रिंगवर आणि दातेरी चाकांवर चालायला हवं. मच्छिंद्रच्या घरी एक अख्खं कपाट अशा कॅमेऱ्यांनी भरलं होतं. संध्याकाळी त्यातला एखादा काढून तो नुसताच चालवत बसायचा. एक सेकंदाचा वेग लावला की आतली चाकं किरकिरत फिरायची आणि शेवटी शटर मिटायचं. तो आवाज ऐकला की दिवसभराचा शीण उतरायचा, असं तो बायकोला सांगायचा.

हमीदभाईंकडे कॅमेरे थोडेच होते, पण त्यातला रेटिना फार देखणा होता. जर्मन बनावटीचा, खिशात मावेल एवढा. पुढचं झाकण उघडलं की लहानशा भात्यावर भिंग सरकत बाहेर यायचं आणि खट् करून जागेवर बसायचं. मच्छिंद्रनं तो कितीदा मागितला होता.

"मच्छिंद्रराव, हाताळा, फोटो काढा, काय वाटेल ते करा," हमीदभाई म्हणायचे. "पण जाताना माझ्या हातात द्या."

आता तोच रेटिना मेहरुनभाभींनी रुमालात गुंडाळून त्याच्या पुढ्यात ठेवला.

"बाकीचे जावयाला दिले," त्या म्हणाल्या. "हा मात्र थांबवला. यात रोल आहे की नाही ते बघायचं होतं. आम्ही शेवटचे खडकवासल्याला गेलो होतो ना, तेव्हा हाच घेतला होता त्यांनी. रोल संपला नाही म्हणाले होते. नंतर त्यांनी धुवून आणला का, मला ठाऊक नाही. दुकानात कुणाच्या हाती द्यायला जीव धजत नाही. तुम्ही त्यांच्याएवढेच जपणारे."

"रोल असला तर मी स्वतः धुतो, भाभी."

"बघा. कॅमेऱ्याचं काय करायचं ते मग ठरवू."

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर मच्छिंद्र रेटिना घेऊन गॅलरीत बसला. ऊन कठड्यावरून थेट मांडीवर येत होतं. त्यानं झाकण उघडलं, भिंग खट् करून बसलं. किती दिवसांनी तो आवाज! मऊ फडक्यानं त्यानं धूळ टिपली, फोकसची कडी फिरवून पाहिली. लोण्यासारखी फिरली. लिव्हर ओढली, बटण दाबलं. टिक्. पुन्हा ओढली. लिव्हर ओढताना दुसऱ्या बाजूची गुंडी फिरत असली तर आत रोल आहे, हे तो नवशिक्यांना पहिल्याच दिवशी सांगायचा. गुंडी फिरत होती. त्याची नजर तिकडे गेलीच नाही. शटर मागून कसं दिसतं, पाकळ्या स्वच्छ आहेत ना, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्यानं खालची कळ सरकवली आणि पाठीमागचं दार उघडलं.

आत रोल होता. करड्या रंगाची फिल्म उन्हात चमकली.

त्यानं दार धाडकन लावलं. झालं ते क्षणभराचंच होतं, पण ऊन लख्ख होतं. कॅमेरा दोन्ही हातांत घट्ट धरून तो तसाच बसून राहिला. आतून प्रेमलानं, त्याच्या बायकोनं, चहा ठेवू का म्हणून विचारलं.

आपणच फोन करून सांगावं असं त्यानं ठरवलं. काय म्हणायचं ते जुळवत होता, तेवढ्यात संध्याकाळी भाभींचाच फोन आला.

"निघालं का काही?"

"नाही भाभी," मच्छिंद्र म्हणाला. "रिकामाच होता."

हे वाक्य त्यानं ठरवलेलं नव्हतं. पण ते निघालं, आणि एकदा निघाल्यावर ते मागे कसं घ्यायचं हे त्याला सुचेना.

"असं? मला आपलं वाटलं होतं. जाऊ द्या. मग ठेवा तो तुम्हीच. त्यांनाही आवडलं असतं."

"नको भाभी, असं कसं..."

"ठेवा हो. इथं कोण वापरणार?"

एवढी वर्षं हवा असलेला कॅमेरा असा त्याचा झाला. त्यानं तो कपाटात सगळ्यात मागे, मोठ्या यशिका कॅमेऱ्याच्या आड ठेवला. त्यानंतर त्याला कपाट उघडवेना. संध्याकाळी तो टीव्हीसमोर बसू लागला, पण टीव्हीवर काय चाललंय ते विचारलं तर सांगता येत नसे. रविवारी जुन्या बाजारात गेला, तर तिथल्या एका ओळखीच्या दुकानदारानं त्याच्या पाठीवर थाप मारली.

"रेटिना तुमच्याकडे आला म्हणे! बरं झालं. हमीदशेठची चीज योग्य माणसाकडे गेली."

मच्छिंद्र तसाच माघारी फिरला.

प्रेमलाला दिसत होतं. तिनं काही दिवस वाट पाहिली आणि एका सकाळी भाजी निवडता निवडता विचारलं, "अहो, काय झालंय? डॉक्टरकडे जायचंय का?"

त्यानं सगळं सांगितलं. ऊन, दार, फोन, सगळं. प्रेमलानं मेथीची जुडी बाजूला ठेवली.

"रोल अजून आतच आहे?"

"आहे."

"मग कॅमेरा रिकामा कसा?"

तो मेथीची खाली पडलेली पानं गोळा करू लागला.

"धुवून तर बघायचा होता. सगळाच जातो का उन्हानं?"

"नाही. गुंडाळीच्या आतला भाग वाचतो कधी कधी."

"हे तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"तरी ठेवून दिलात."

आपण रोल का धुतला नाही, हे त्याला त्या क्षणी कळलं. रोल पूर्ण वाया गेला असता, तर तो रिकामा होता असं म्हणण्यात फारसं खोटं उरलं नसतं. आत काहीही शिल्लक नसावं, अशीच तो इतके दिवस इच्छा करत होता. आपल्या मित्रानं काढलेले शेवटचे फोटो नष्ट झालेले असावेत म्हणून.

त्याच दिवशी त्यानं रोल धुतला. उजेड न शिरणाऱ्या काळ्या पिशवीत हात घालून, चाचपडत फिल्म डब्यात भरली. हा उद्योग त्यानं आयुष्यभर केला होता. रसायनं ओतून झाल्यावर, पाण्याखाली धुऊन झाल्यावर त्यानं ओली पट्टी बाथरूमच्या दिव्यासमोर धरली.

शेवटचा भाग काळाकुट्ट होता. त्याच्या अलीकडच्या एका चौकटीत उन्हाचा काळा पट्टा पसरला होता, आणि त्यातून फक्त एका पुरुषाचा खांदा आणि शर्टाची बाही दिसत होती. पण त्याआधीचे फोटो शाबूत होते. वखारीत फळ्यांवर झोपलेलं मांजर. करवतीशेजारी चहा पिणारे दोन कामगार. आणि मग मेहरुनभाभी. बसस्टॉपवर पदर सावरताना. धरणाच्या भिंतीवर पाय सोडून बसलेल्या. भाजलेलं कणीस हातात धरून, लिंबू आंबट निघालं म्हणून डोळे मिटून हसताना.

प्रिंट काढून घेऊन तो भवानी पेठेत गेला. प्रेमला सोबत येते म्हणाली, पण तो एकटाच गेला.

मेहरुनभाभींनी पाणी आणून दिलं. ते न पिताच मच्छिंद्रनं कॅमेरा आणि फोटो-निगेटिव्हचं पाकीट टेबलावर ठेवलं.

"भाभी, मी तुमच्याशी खोटं बोललो. रोल होता. माझ्याच हातून उन्हात दार उघडलं गेलं. शेवटचे फोटो गेले."

भाभी उभ्या होत्या, त्या खुर्चीवर बसल्या. पाकिटातले फोटो एकेक करून बघू लागल्या. मांजराचा फोटो बघताना त्यांच्या ओठांवर किंचित हसू आलं. स्वतःचे फोटो त्यांनी भराभर पुढे सरकवले. बाहीच्या फोटोपाशी मात्र थांबल्या.

"हा मी काढलेला," त्या म्हणाल्या. "त्यांचा. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कॅमेरा माझ्या हातात दिला होता. इथून बघ, इथं दाब, म्हणाले. नंतर मी आणखी काढले. खूप हसवत होते मला."

काळा झालेला भाग कोणाचा होता, हे मच्छिंद्रला आता कळलं. त्यानं मान खाली घातली.

"उघडलं ते चुकून," भाभी म्हणाल्या. "त्यांच्याही हातून व्हायचं कधी. स्वतःवरच चिडायचे. पण फोनवर मी विचारलं, तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

"चुकलं, भाभी."

"आणि मी तुम्हाला म्हटलं, ठेवा, त्यांना आवडलं असतं. ते ऐकून घेतलंत तुम्ही."

खालच्या रस्त्यावर कुणीतरी टेम्पोतून लाकडी पाट्या उतरवत होतं. त्या आदळण्याचा आवाज वरपर्यंत येत होता.

"कॅमेरा इथंच राहू दे," भाभी शेवटी म्हणाल्या. "निगेटिव्हही. या तुम्ही आता."

घरी आल्यावर प्रेमलानं विचारलं, "काय म्हणाल्या?"

"जे बरोबर, तेच म्हणाल्या," मच्छिंद्र म्हणाला आणि कपडे बदलायला गेला.

पुढे उन्हाळा संपत आला असताना एकदा भाभींचा फोन आला. नंबर बघून तो खुर्चीवरून उठूनच उभा राहिला.

"तो कणसाचा फोटो मोठा करून मिळतो का?" त्यांनी विचारलं. "मुलगी मागतेय."

"मिळतो भाभी. मी आणून देतो. निगेटिव्ह घ्यायला आजच येतो."

"नको, तुम्ही येऊ नका. चांगल्या दुकानाचं नाव तेवढं सांगा. जावयाला पाठवते."

मच्छिंद्रनं नारायण पेठेतल्या दुकानाचं नाव सांगितलं. कुठल्या गल्लीत वळायचं, कोणत्या कागदावर काढून मागायचा, तेही सांगितलं. भाभींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "बरं," म्हणाल्या आणि फोन ठेवला.