शकुनाचे पान

सरांनी थुंकी लावलेला अंगठा पानावरून सावकाश उचलला, आणि फारसी विभागाच्या त्या कोंदट खोलीत कागद सुटल्याचा तेवढाच चिकट आवाज झाला.

संशोधनाची जागा एकच होती. समोर दोघे बसले होते: फारसीपायी तहानभूक विसरलेली ती, आणि कोश उघडल्याशिवाय एक ओळ न लागणारे सरांचे जावई. निवड खरे तर गुणांवर व्हायची. पण सर म्हणाले होते, गुण काय, कारकूनही मोजतो. आपण फारसीवाल्यांनी जुन्या रीतीने विचारावे. डोळे मिटून काव्यसंग्रह उघडावा. येईल ती ओळ, तो शकुन.

तिच्या नावाने आलेली ओळ सरांनी मिटक्या मारीत वाचली. "'थांब, तुझी कळी अजून फांदीच्या पोटात आहे.' वा! काय नाजूक नकार आहे."

"मी उघडून बघू?"

"बघा की," जावई हसले. "हौस कशाला राहू द्यायची?"

तिने डोळे मिटून पुस्तक उघडले. तेच पान. पुन्हा उघडले; तेच. मग तिने नुसते बोट टेकवले, तर पढवून ठेवलेल्या जनावरासारखे ते आपणहून तिथेच पसरले. शिवणीत ताजी, पांढरी चीर होती. ज्या ओळींनी तिला जगायला शिकवले, त्यांच्या कोपऱ्यावर या माणसाची थुंकी वाळत होती.

"पुस्तकाची पाठ मोडलीय, सर. मुद्दाम, याच पानावर."

सर चिडले नाहीत. "एकच चीर दिसली का पोरी? पुढे बघ."

पुढे दुसरी चीर होती. जुनी, मळाने काळवंडलेली. 'वसंताने तुझेच घर विचारले.' शिष्यवृत्तीच्या वेळी तिच्या नावाने आलेली ओळ. तेव्हा शेजारी बसलेली, शिष्यवृत्ती हुकलेली मैत्रीण डोळे पुसत बाहेर गेली होती, आणि हिने ती ओळ सुबक अक्षरांत लिहून उशाशी लावली होती. आजही होती. याही कोपऱ्यावर त्याच अंगठ्याचा डाग, पिवळा पडलेला.

"तेव्हा नाही विचारलंस, पाठ कुणी मोडली म्हणून," सर चहात बिस्किट बुडवीत म्हणाले. "तेव्हा शकुन खरा होता, नाही का?"

बिस्किट विरघळून कपात पडले. सरांनी तो लगदा बोटाने काढून तोंडात घातला आणि तिच्याकडे पाहत राहिले.

तिने हात ओढणीला पुसला, पुन्हा पुसला, आणि दाराबाहेर चालू लागली.