शेवटच्या बाकावरून

बाईंनी फळ्यावर एक भिंत काढली आणि तिच्या बुडाशी माती उकरणारा माणूस काढला. माणूस साधला नाही, घूस दिसली. वर्ग हसला. दिवसभर राबून संध्याकाळी इंग्रजी शिकायला येणारी ही मोठी माणसं, हसायला त्यांना निमित्तच हवं असे.

"अंडरमाइन," बाई थकल्या आवाजात म्हणाल्या. "पहिला अर्थ, खालून पोखरणं. पाणी नदीचा काठ पोखरतं ना, तसं."

शिंपीकाकांनी पेन उचललं आणि लिहिण्याआधी सवयीने मागे पाहिलं. नर्सनेही पाहिलं. शेवटच्या बाकावर अण्णा होते, बाईंचे वडील. जन्मभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले, आता घरी करमत नाही म्हणून लेकीबरोबर येणारे. तिथून त्यांचं उंटावरून शेळ्या हाकणं वर्षभर चाललं होतं. "तसं नाही गं, असं." त्यांनी मान डोलावल्याशिवाय कुणी अक्षर लिहीत नसे. बाईंना त्याचा वीट आला होता. आज निघताना चपला घालता घालता त्यांनी सांगून टाकलं, "अण्णा, तुम्ही मध्ये बोललात की माझ्या शब्दाला काही किंमतच राहत नाही."

"बरं," अण्णा म्हणाले होते.

आणि खरंच, आज ते गप्प होते. आपल्याकडे बघणाऱ्यांकडेही बघत नव्हते. बाईंना हायसं वाटायला हवं होतं, पण त्यांना फार वाईट वाटत होतं.

"दुसरा अर्थ, चारचौघांत एखाद्याचा मान कमी करणं. हळूहळू त्याला खच्ची करणं." त्या थांबल्या. "आणि तिसरा, एखाद्याला आधार देणं."

हे साफ चूक होतं. बाईंनी मुद्दामच केलेली चूक.

माना मागे वळल्या. अण्णांचं बोट वर आलं होतं. ते त्यांनी दुसऱ्या हाताच्या मुठीत धरलं.

"बाई सांगतायत ना? मग लिहा की," ते म्हणाले.

सगळे लिहू लागले.

"अण्णा," बाईंनी तिथूनच विचारलं, "बरोबर आहे ना हे?"

"आता कुठलं आठवतंय मला," अण्णा म्हणाले. "वय झालं."

वर्ग पुन्हा हसला. शिंपीकाका तर मोठ्याने हसले. अण्णाही त्यांच्याबरोबर थोडं हसले.

बाईंना डस्टर सापडेना. त्यांनी तळहातानेच फळ्यावरची तिसऱ्या अर्थाची ओळ पुसली.

"खोडा ते," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं."