मी उठून जाऊ का?

जालमसिंगला आपल्या ठरावाचा भारी अभिमान होता, आणि का नसावा? धडगावच्या वरच्या अंगाला, त्याच्या पाड्यामागचा डोंगर सहा वर्षांपूर्वी पार बोडका होता. वन समितीचा म्होरक्या म्हणून त्यानं गावसभेत ठराव करून घेतला: बंद रानात कुऱ्हाड चालवेल त्या घरानं त्या साली मोहफुलं वेचायची नाहीत. कुणाचंच कारण ऐकायचं नाही. एकाचं ऐकलं की दहा जण दहा सबबी घेऊन येतात. डोंगर हिरवा झाला. लोक लांबून बघायला येऊ लागले, आणि जालमसिंगची छाती दोन बोटं फुगली.

यंदा मोह गळू लागला त्याच आठवड्यात कालीबाई सापडली. विधवा बाई, मुलगा-सुनेसोबत उताराच्या पार पलीकडे राहणारी. बंद रानातला बांबूचा ताजा खुंट दाखवल्यावर "मीच तोडला" एवढंच म्हणाली. आठ दिवस तिचं झाड फुलं सांडत होतं आणि तिची टोपली रिकामी होती. मोह गेला की त्या घराची वर्षभराची मीठमिरची गेली, हे जालमसिंगला कळत होतं. पण नियम म्हणजे नियम.

नवव्या दिवशी डोंगर बघायला आयर्लंडचे डर्गन साहेब आले. ऐंशीच्या घरातला उंच, वाकलेला म्हातारा. सोबत दुभाषी म्हणून धडगावच्या कोर्टातली वकील रंजना. सगळा पाडा आंब्याखाली जमला होता. रंजनानं ओळख करून दिली: आधी वकील, मग निवडून येऊन मंत्री, मग तिकडच्या सर्वांत मोठ्या कोर्टाचे जज.

"म्हणजे भांडणारा हाच, कायदा करणारा हाच, निकाल देणारा हाच," जालमसिंग आपल्या पावरी बोलीत म्हणाला. "विचार त्याला, तुझ्याच कायद्यात तुझ्याच पुढे कुणी सापडला का कधी?"

रंजनानं बिचकत विचारलं. लोक हसले. साहेब हसले नाहीत.

सापडला होता, ते म्हणाले. मंत्री असताना एक तळं वाचवायला त्यांनी कायदा केला होता: बंद मोसमात पाण्यात होडी घालेल त्याची होडी जप्त, सबब चालणार नाही. तळं माशांनी भरलं, लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. बारा वर्षांनी एक म्हातारा कोळी त्यांच्यापुढे उभा राहिला. बुडत्या शेजाऱ्याला काढायला त्यानं होडी घातली होती.

"मी दोन्ही बाजूंना विचारलं, कायदा माझा आहे, मी उठून जाऊ का? दोघंही म्हणाले, बसा. मग मी तो कायदा चुकीचा ठरवला."

जालमसिंगनं पंच पाहिले होते, फौजदार पाहिले होते, आमदार पाहिले होते. माझं चुकलं असं चारचौघांत म्हणणारा त्यात एकही नव्हता. हा तर जजच्या खुर्चीवर बसून म्हणाला होता, आणि म्हणायला कुणी भाग पाडलं नव्हतं. एवढा मोठा माणूस त्यानं जन्मात पाहिला नव्हता.

"होडी मिळाली का त्याला?" त्यानं हळूच विचारलं.

"मिळाली. पण तोवर ती कुजली होती."

जालमसिंग बायकांच्या मागे बसलेल्या कालीबाईकडे वळला. "काली, ठराव माझा आहे. मी उठून जाऊ का?"

तिनं त्याला नीट निरखलं. "गाठ तू मारलीस. तूच सोड."

"बांबू का तोडलास?"

आठ दिवसांत हे कुणीच विचारलं नव्हतं.

"सुनेचं बाळंतपण अडलं होतं. झोळीला दांडा नव्हता. मी आणि पोरानं तिला उचलून जीपच्या रस्त्यापर्यंत नेलं. नात झाली, दवाखान्यात आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाचंच कारण ऐकायचं नाही, असं तूच म्हणाला होतास."

आंब्याखालीच ठराव बदलला: आधी विचारायचं, मग शिक्षा. रंजनानं ते साहेबांना सांगितलं, तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता कालीबाई आपल्या झाडाखाली पोचली, तर जालमसिंग आधीच उकिडवा बसून फुलं वेचत होता.

"तुझं झाड त्या अंगाला आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे. तुझे आठ दिवस कुजले," तो मान वर न करता म्हणाला. "तेवढे दिवस मी इथंच. टोपली इकडे ठेव."